चढ वाचा, उंची नको: स्थितिज ऊर्जेचा आलेख आणि समतोल

अकरावीच्या मुलांना मी हा विषय सुरू करताना फळ्यावर एक वेडीवाकडी रेघ काढून देते. दोन खोलगट दऱ्या, मध्ये एक टेकाड, उजवीकडे वर चढत जाणारी कड. बाजूला लिहिते 'स्थितिज ऊर्जा' आणि विचारते, वस्तू कुठे स्वस्थ बसेल? निम्म्याहून जास्त मुलं रेघ आडव्या अक्षाला जिथे छेदते तिथे बोट दाखवतात. "तिथे ऊर्जा शून्य आहे ना मॅडम, म्हणजे बलही नसणार."

उत्तर चूक आहे, पण ते अगदी मनापासून आलेलं असतं. ही एक चूक सुटली की हा सगळा धडा सुटतो, आणि नाही सुटली तर सूत्रं पाठ होतात पण आलेख मुका राहतो. म्हणून हा लेख त्या एका चुकीभोवती लिहिला आहे. सोबत आलेखाची वही, पेन्सिल आणि एक वाटाणा घेऊन बसा. पुढे एक प्रयोग आहे, त्यासाठी मध्ये भोक असलेले दोन गोल चुंबक लागतील.

पहिली पायरी: अक्षांवर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा

आडव्या अक्षावर वस्तूची जागा असते. उभ्या अक्षावर त्या जागी वस्तूकडे साठलेली ऊर्जा असते. आडव्या अक्षावर वेळ नसते, हे मुद्दाम सांगते, कारण दहावीपर्यंत पाहिलेले बहुतेक आलेख वेळेचे असतात आणि डोळ्यांना तीच सवय लागलेली असते.

उभा अक्ष म्हणजे उंची, असंही समजू नका. गुरुत्वाकर्षणापुरतं ते खरं ठरतं. एक किलोची वस्तू एक मीटर वर उचलली की तिची स्थितिज ऊर्जा ९.८ ज्यूलनं वाढते, त्यामुळे खोपोलीहून खंडाळ्याला चढणाऱ्या रस्त्याचा उभा छेद काढला तर तोच गाडीच्या स्थितिज ऊर्जेचाही आलेख होतो, फक्त उभ्या अक्षावरचं एकक बदलायचं. पण स्प्रिंगला बांधलेला ठोकळा टेबलावर सरकतो तेव्हा तो कुठल्याच डोंगरावर चढत नाही. दोन अणू एकमेकांजवळ येतात तेव्हाही तिथे दरी नसते. दरी असते ती आपल्या वहीत.

इथे वाटाणा कामी येतो. तो वक्रावर ठेवू नका, आडव्या अक्षावर ठेवा. वस्तू फक्त त्याच रेषेवर डावीकडे-उजवीकडे जाते. वाटाण्याच्या बरोबर वर वक्र किती उंच आहे, हा ऊर्जेचा हिशेब. माझ्या अनुभवात दहा मिनिटं वाटाणा सरकवला की जे डोक्यात बसतं ते तासभर फळ्यासमोर उभं राहून बसत नाही.

राहिला प्रश्न शून्याचा. शून्य कुठे धरायचा हे आपण ठरवतो. घराच्या जिन्याची उंची अंगणापासून मोजा नाहीतर समुद्रसपाटीपासून, पायरी चढायला लागणारी मेहनत तेवढीच. सगळा आलेख उचलून १०० ज्यूल वर सरकवला तरी वस्तूला त्याचा पत्ताही लागत नाही. आता सुरुवातीच्या चुकीकडे पाहा: जो शून्य आपण मर्जीनं हलवू शकतो, त्यावर वस्तू कुठे बसेल हे अवलंबून असेल कसं?

दुसरी पायरी: चढावरून बल काढा

वस्तूला कळतो तो चढ. भूमितीत रेषेचा चढ शिकलात, तोच इथे वापरायचा, फक्त रेषा वक्राला त्या बिंदूपाशी स्पर्श करणारी काढायची. नियम एका ओळीचा आहे:

बल = − (स्थितिज ऊर्जेच्या आलेखाचा चढ)

समजा जागा १ मीटरवरून १.१ मीटरवर गेली आणि ऊर्जा ५ ज्यूलवरून ५.४ ज्यूल झाली. ०.१ मीटरला ०.४ ज्यूल, म्हणजे दर मीटरला ४ ज्यूल. ज्यूल भागिले मीटर म्हणजेच न्यूटन. तेव्हा बल ४ न्यूटन, आणि ऋण चिन्हामुळे ते डावीकडे. ऋण चिन्हाला घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की बल नेहमी उताराच्या दिशेनं ढकलतं. वक्र उजवीकडे चढत असेल तर बल डावीकडे, उजवीकडे उतरत असेल तर उजवीकडे. चढ जितका खडा, तितकं बल मोठं.

वहीत कुठलाही वक्र काढा आणि त्याखाली दुसऱ्या अक्षांवर त्याच जागांसाठी बलाचा आलेख काढा. पट्टी धरून आठ-दहा ठिकाणी चढ मोजा. हे कंटाळवाणं वाटेल, तरी एकदा हातानं कराच. मोबाइलवर आलेख बघून हे शिकता येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक अट ध्यानात ठेवा. हा आलेख काढता येतो तो गुरुत्वाकर्षण, स्प्रिंग, विद्युतबल अशा बलांसाठी, जी दिलेली ऊर्जा जपून ठेवतात आणि परत देतात. घर्षण ती परत देत नाही, म्हणून घर्षणाचा स्थितिज ऊर्जेचा आलेख नसतो.

तिसरी पायरी: चढ शून्य कुठे, आणि आसपास काय

जिथे चढ शून्य तिथे बल शून्य, आणि तोच समतोल. काही पुस्तकांत याला संतुलन म्हणतात, अर्थ एकच. पण समतोल सापडला की काम अर्धंच झालं, कारण तो टिकणारा आहे का हे शेजारी पाहिल्याशिवाय कळत नाही.

कढईच्या तळाशी गोटी ठेवा. बोटानं जरा ढकलली तर परत येते. हा स्थिर समतोल, आलेखात दरीचा तळ. तीच कढई पालथी घालून तिच्या माथ्यावर गोटी ठेवा. नीट ठेवली तर क्षणभर थांबते, तिथेही बल शून्यच असतं, पण वाऱ्याची झुळूक आली की गेली. हा अस्थिर समतोल, टेकाडाचा माथा. सपाट फरशीवर ठेवली तर जिथे सरकवाल तिथे राहते, तो उदासीन समतोल.

तंजावरची मान डोलावणारी, पाडली तरी उठून बसणारी बाहुली पाहिली असेल. तिचा तळ गोल आणि जड असतो. ती कलली की तिचा गुरुत्वमध्य वर उचलला जातो. आडव्या अक्षावर कलण्याचा कोन आणि उभ्या अक्षावर ऊर्जा घेतली तर शून्य कोनावर छान दरी दिसते. हे उदाहरण मला फार आवडतं, कारण इथे आडव्या अक्षावर अंतर नाही, कोन आहे. 'जागा' या शब्दाचा अर्थ किती सैल घेता येतो ते यातून समजतं.

गणित येत असेल तर चढाचा चढ, म्हणजे वक्रता, काढून पाहा. धन असेल तर स्थिर, ऋण असेल तर अस्थिर. शून्य आला तर मात्र घाईनं 'उदासीन' लिहू नका. क्ष⁴ या वक्राची शून्यापाशी वक्रता शून्य आहे आणि तरी तो तळ आहे, स्थिरच. क्ष³ ची वक्रताही तिथे शून्य, पण त्याच्या डावीकडे उतार चालूच राहतो, म्हणून तो अस्थिर. अशा वेळी दोन्ही बाजूंना थोडं सरकून बल कुठे ढकलतंय ते पाहायचं. (शाळेत ज्याला एक्स म्हणतो त्याला मी इथे जुन्या बीजगणितासारखं क्ष म्हणते आहे.)

चौथी पायरी: एकूण ऊर्जेची आडवी रेषा

आता आलेखावर पट्टी आडवी धरा. ती पट्टी म्हणजे वस्तूची एकूण ऊर्जा. घर्षण नसेल तर ही रेषा वर-खाली होत नाही. कुठल्याही जागी रेषा आणि वक्र यांच्यामध्ये जेवढी पोकळी, तेवढी गतिज ऊर्जा. पोकळी मोठी तिथे वस्तू वेगात, पोकळी अरुंद तिथे सावकाश. रेषा वक्राला जिथे भिडते तिथे वेग शून्य, आणि वस्तू तिथून माघारी फिरते. त्याला परतीचा बिंदू म्हणू. रेषेच्या वर वक्र जातो त्या भागात वस्तू जाऊच शकत नाही, कारण गतिज ऊर्जा ऋण होत नाही.

परतीच्या बिंदूवर वेग शून्य असतो म्हणून त्याला समतोल समजण्याची चूकही नेहमीची. तिथे वेग नाही, पण बल आहे. म्हणून तर वस्तू परत येते.

पाचवी पायरी: एक उदाहरण तळापर्यंत

हे उदाहरण मी दरवर्षी घेते, कारण यातले आकडे सरळ निघतात आणि सुरुवातीच्या चुकीचं उत्तर त्यातच दडलेलं आहे. २ किलोची वस्तू, आणि

स्थितिज ऊर्जा = क्ष⁴ − ८क्ष² (क्ष मीटरमध्ये, ऊर्जा ज्यूलमध्ये)

आधी बिंदू काढा. क्ष = ० ला ०, १ ला −७, १.५ ला −१२.९४, २ ला −१६, २.५ ला −१०.९४, ३ ला ९. ऋण बाजूलाही हेच आकडे येतात. जोडा. मध्ये शून्यावर एक टेकाड, दोन्हीकडे एकेक दरी.

चढ = ४क्ष³ − १६क्ष, म्हणून बल = −४क्ष(क्ष² − ४). हे शून्य होतं क्ष = ०, २ आणि −२ ला. २ आणि −२ हे दऱ्यांचे तळ, तिथे स्थिर समतोल. ० हा माथा, तिथे अस्थिर.

आता पाहा, वक्र आडव्या अक्षाला कुठे छेदतो? क्ष² = ८ ला, म्हणजे क्ष साधारण २.८३ मीटर. तिथे ऊर्जा बरोबर शून्य आहे आणि बल? सूत्रात घाला: सुमारे ४५ न्यूटन, डावीकडे. साडेचार किलोची पिशवी ओढावी एवढं. क्ष = ० लाही ऊर्जा शून्य आहे आणि तिथे बल खरोखर शून्य आहे, पण ते तिथे माथा आहे म्हणून. या दुसऱ्या शून्यामुळेच मुलं फसतात.

समजा एकूण ऊर्जा −७ ज्यूल आहे आणि वस्तू उजव्या दरीत आहे. क्ष⁴ − ८क्ष² + ७ = ० सोडवलं की क्ष² = १ किंवा ७. वस्तू १ मीटर आणि २.६५ मीटर यांच्यात येरझारा घालेल. तळाशी गतिज ऊर्जा −७ − (−१६) = ९ ज्यूल, म्हणून वेग सेकंदाला ३ मीटर. डाव्या दरीत तेवढीच जागा आहे, पण मध्ये टेकाड आहे आणि ते ओलांडायला ही ऊर्जा पुरत नाही.

एकूण ऊर्जा ९ ज्यूल केली तर परतीचे बिंदू −३ आणि ३. आता वस्तू दोन्ही दऱ्यांतून फिरते. तळाशी २५ ज्यूल गतिज ऊर्जा, वेग ५ मीटर. टेकाडावर ९ ज्यूल, वेग ३ मीटर. माथ्यावरून जाताना ती मंदावते आणि पलीकडे पुन्हा वेग घेते. आणि हो, दोन्ही तळांवर आणि माथ्यावर, म्हणजे तिन्ही समतोल बिंदूंवर, तिचा वेग शून्य नाही. समतोल म्हणजे थांबणं नव्हे.

यात थोडं घर्षण घाला. आडवी रेषा हळूहळू खाली उतरू लागते. वस्तू दोन्ही दऱ्यांत काही फेऱ्या मारते, मग रेषा टेकाडाखाली जाते आणि त्या क्षणी वस्तू ज्या दरीत असेल तिथेच अडकून शेवटी तळाशी विसावते.

तळाशी बारीक झोके किती वेळात होतात तेही काढू. क्ष = २.१ ला बल ३.४४ न्यूटन डावीकडे, १.९ ला २.९६ न्यूटन उजवीकडे. सरासरी ३.२ न्यूटन, दर ०.१ मीटरला. म्हणजे दरीचा तळ ३२ न्यूटन प्रति मीटर ताठरपणाच्या स्प्रिंगसारखा वागतो. स्प्रिंगचं सूत्र वापरा: आवर्तकाल = २π × √(वस्तुमान/ताठरपणा) = २π × √(२/३२) = १.५७ सेकंद. कुठल्याही गुळगुळीत दरीचा तळ जवळून पाहिला की बहुधा स्प्रिंगसारखाच दिसतो, म्हणून स्प्रिंगचा धडा भौतिकशास्त्रात इतका पुन्हापुन्हा येतो.

हातात घेऊन पाहायचा आलेख

आता चुंबक काढा. मध्ये भोक असलेले चकतीसारखे साधे काळे चुंबक स्वस्तात मिळतात. कणकेच्या घट्ट गोळ्यात पेन्सिल उभी रोवा, एक चुंबक तिच्यात ओवून खाली बसवा, आणि दुसरा असा उलटवून ओवा की दोघं एकमेकांना ढकलतील. वरचा चुंबक हवेत तरंगतो. पहिल्यांदा पाहणारं मूल इथे हमखास बोट घालून बघतं, घालू द्या. (निओडिमियमचे चकचकीत चुंबक मात्र लहान मुलांच्या हाती देऊ नका, गिळले तर जिवावर बेततं.)

वरचा चुंबक हलकेच खाली दाबा आणि सोडा. तो वर-खाली झुलून जागेवर येतो. म्हणजे इथे दरी आहे. ती मोजायची असेल तर स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घ्या. त्याचं ताट लोखंडी असू शकतं, म्हणून त्यावर प्लॅस्टिकचा उंच डबा पालथा घाला आणि खालचा चुंबक, कणीक, पेन्सिल हे सगळं डब्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. मग वरचा चुंबक ओवा. तो कशालाही न टेकता तरंगतो आणि काटा त्याचं पूर्ण वजन दाखवतो! आता आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांनी वरचा चुंबक वेगवेगळ्या फटींवर धरून काट्यावरचे आकडे लिहून घ्या.

समजण्यापुरते आकडे घेऊ. चुंबक २० ग्रॅमचा आहे. फट १० मिलिमीटर असताना काटा ८० ग्रॅम दाखवतो, १५ ला ४०, २० ला २०, २५ ला १२, ३० ला ७. प्रत्येकातून चुंबकाचं स्वतःचं वजन २० ग्रॅम वजा करा: ६०, २०, ०, −८, −१३. हे झालं निव्वळ बल. २० मिलिमीटरला शून्य, तिथेच तो तरंगतो.

ऊर्जा हवी असेल तर उलटं जायचं, बल गुणिले अंतर असं तुकड्यातुकड्यानं जोडत. एक ग्रॅम वजन म्हणजे ०.००९८ न्यूटन. २० वरून १५ वर दाबताना सरासरी १० ग्रॅम, ५ मिलिमीटर: ०.४९ मिलिज्यूल. १५ वरून १० वर: सरासरी ४० ग्रॅम, १.९६ मिलिज्यूल. एकूण २.४५. वरच्या दिशेनं २० ते ३० जायला लागतात साधारण ०.७ मिलिज्यूल. दोन्हीकडे १० मिलिमीटरच, पण दाबायला उचलण्याच्या साडेतीन पट ऊर्जा. वहीत मांडलं की डावी भिंत खडी आणि उजवी सौम्य अशी वाकडी दरी दिसते. बोटांनाही हा फरक जाणवतो.

या वाकडेपणाकडे नीट पाहा. ०.७ मिलिज्यूलवर पट्टी आडवी धरा. उजवं टोक ३० ला, डावं साधारण १४ ला. मधोमध २२ येतात, २० नाही. म्हणजे झोके मोठे झाले की चुंबकाची सरासरी जागा वर सरकते.

अणूंची दरी

लोखंडाच्या रुळातले अणूही असेच आपापल्या दऱ्यांत थरथरत असतात. त्यांच्याही दरीची आतली भिंत खडी आणि बाहेरची सौम्य असते, कारण अणू एकमेकांना एका मर्यादेपलीकडे आत घुसू देत नाहीत, पण दूर जाताना ओढ हळूहळू सैल होते. ऊन तापलं की आडवी रेषा वर चढते, झोके मोठे होतात, सरासरी अंतर वाढतं आणि रूळ लांबतो. १०० मीटर मोकळा रूळ ३० अंशांनी तापला तर सुमारे ३६ मिलिमीटर लांबतो. दरी दोन्हीकडे अगदी सारखी असती तर या कारणानं तो लांबलाच नसता. उष्णतेनं प्रसरण का होतं, याचं एवढं सरळ उत्तर मला तरी दुसरीकडे सापडलं नाही.

हायड्रोजनच्या दोन अणूंचा आलेख पाठ्यपुस्तकात असतोच. आडव्या अक्षावर दोघांमधलं अंतर. तळ ०.०७४ नॅनोमीटरवर, आणि दोघांना पूर्ण वेगळं करायला सुमारे ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगात वापरायचं ऊर्जेचं छोटं एकक) लागतात. खोलीच्या तापमानाला उष्णतेची धडपड साधारण ०.०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची, म्हणजे त्याच्या १८० व्या हिश्शाएवढी. म्हणून हायड्रोजनचा रेणू टिकतो. आरगॉनच्या दोन अणूंमधली दरी त्या मानानं नखाएवढी, ०.०१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास. खोलीत अणू त्यात थांबतच नाहीत, म्हणून आरगॉन वायू आहे आणि त्याला द्रव करायला −१८६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावं लागतं.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. दरी किती खोल, यावर बंध तोडायला किती ऊर्जा लागेल ते ठरतं. तळाशी ती किती वाकलेली, यावर झोके किती जलद ते ठरतं. उथळ पण अरुंद दरी असू शकते, खोल पण पसरटही असू शकते. हायड्रोजनची दरी खोल आहे आणि अरुंदही, शिवाय अणू अतिशय हलके, म्हणून तो रेणू सेकंदाला सुमारे १३० लाख कोटी वेळा थरथरतो. एवढ्या लहान जगात पुंजवादाचे (क्वांटम भौतिकीचे) नियम लागतात आणि अणू अगदी तळाशी कधीच निपचित पडत नाहीत, हेही नोंदवून ठेवा.

आपण सोडवलेली दोन दऱ्यांची आकृती निसर्गात अमोनियाच्या रेणूत सापडते. नायट्रोजनचा अणू तीन हायड्रोजनच्या पातळीच्या एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला बसू शकतो, मध्ये टेकाड. अभिजात, म्हणजे आपण आत्तापर्यंत केलेल्या, हिशेबानं ते ओलांडायला ऊर्जा पुरत नाही, तरी पुंजवादामुळे तो आरपार जातो. या ये-जा करण्याची वारंवारता सुमारे २४ गिगाहर्ट्झ आहे आणि १९५४ साली अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स टाऊन्स आणि सहकाऱ्यांनी बनवलेला पहिला मेसर (लेसरसारखंच, पण प्रकाशाऐवजी सूक्ष्मलहरींचं यंत्र) त्यावरच चालला.

एका दिशेला दरी, दुसऱ्या दिशेला टेकाड

आता चुंबकांच्या प्रयोगातली पेन्सिल काढून बघा. वरचा चुंबक लगेच बाजूला घसरतो आणि उलटून खालच्याला चिकटतो. वर-खाली दिशेला दरी होती, पण आडव्या दिशेला तिथे टेकाड होतं. पेन्सिलीनं ते झाकलं होतं. विद्युतप्रभारांबाबत इंग्लिश गणितज्ञ सॅम्युएल अर्नशॉ यांनी हे सिद्ध केलं आणि १८४२ मध्ये ते प्रसिद्ध झालं: स्थिर प्रभारांच्या नुसत्या विद्युतबलावर कुठलाही प्रभार सर्व दिशांनी स्थिर बसवता येत नाही. कायम चुंबकांनाही तेच लागू.

सह्याद्रीत फिरलेल्यांना हा आकार ओळखीचा आहे, त्याला आपण खिंड म्हणतो. खिंडीत उभं राहिलात तर दोन बाजूंना कडे वर जातात आणि दोन बाजूंना वाट खाली उतरते. पायाखालची जमीन सपाट, म्हणजे चढ शून्य, पण सुटलेला दगड आज ना उद्या वाटेनं खाली जाणारच. एकाही दिशेला टेकाड असेल तर समतोल अस्थिर, हा नियम.

सूर्याचा अभ्यास करणारं इस्रोचं आदित्य-एल१ हे यान अशाच खिंडीच्या परिसरात आहे. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून निघून ते ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचलं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेनं बनवलेली अतिनील दुर्बीण त्यावर आहे. सूर्य, पृथ्वी आणि त्यांच्याबरोबर फिरण्याचा परिणाम हे सगळं मिळून ऊर्जेचा जो पृष्ठभाग होतो, त्यात एल१ पाशी चढ शून्य आहे. पण सूर्य-पृथ्वी रेषेच्या दिशेला तिथे टेकाड आहे, म्हणून यानाला मधूनमधून इंजिन चालवून स्वतःला सावरावं लागतं.

याच पृष्ठभागावर चढ शून्य असलेले आणखी दोन बिंदू, एल४ आणि एल५, चक्क माथ्यावर आहेत आणि तरीही तिथे वस्तू टिकतात. गुरूच्या कक्षेतले ट्रोजन लघुग्रह अशाच बिंदूंभोवती आहेत. तिथे वस्तू घसरू लागली की फिरत्या चौकटीतलं (म्हणजे ग्रहाबरोबर फिरत पाहिलं की दिसणारं) कोरिऑलिस बल तिची वाट वळवतं. हे बल वेगावर अवलंबून असतं, म्हणून ते ऊर्जेच्या आलेखात दिसत नाही. फिरती चौकट आली की नुसत्या आलेखावरून स्थिरता ठरवू नका.

आता तुमची पाळी

वही उघडी आहे तोवर हे एक गणित सोडवा. स्थितिज ऊर्जा = क्ष³ − १२क्ष, −४.५ पासून ४.५ पर्यंत बिंदू काढा. समतोल कुठे आणि कोणता? एकूण ऊर्जा ११ ज्यूल असेल तर वस्तू कुठे सापडेल?

पडताळा: चढ ३क्ष² − १२, तो शून्य होतो २ आणि −२ ला. क्ष = २ ला ऊर्जा −१६, तळ, स्थिर. क्ष = −२ ला ऊर्जा १६, माथा, अस्थिर. ११ ज्यूलची रेषा वक्राला −२.८५, −१ आणि ३.८५ ला छेदते. दरीतली वस्तू −१ ते ३.८५ मध्ये अडकलेली राहील. तीच वस्तू सुरुवातीला −२.८५ च्या डावीकडे असेल तर ती डावीकडे निघून जाईल आणि परत येणार नाही. आणि ऊर्जा शून्य असलेल्या क्ष = ० ला बल काढून बघा: १२ न्यूटन, उजवीकडे.